पदरात घेतलेली चूक

हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. नेकार हॉर्नेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे कपडे काळेपिवळे होते, हेल्मेटवर नांगी रंगवलेली होती, आणि २००६च्या वसंतात या गांधीलमाश्या एकालाही चावल्या नाहीत. एप्रिलपासून दर शनिवारी एक असे दहा सामने होते. मे उजाडला तरी विजयाच्या रकान्यात भोपळाच होता. स्टुटगार्टमध्ये त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक गावात येणार होता, मोठं स्टेडियम त्यासाठी नटवायला काढलं होतं, आणि हॉर्नेट्सना गावाबाहेरच्या एका मैदानावर पाठवून दिलं होतं. फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो, हे काय रेड्यांच्या टकरीसारखं, असं तिथले लोक तोंडावर सांगत.

काळजी होती ती त्सुफेनहाउझेनमधल्या निजसुऱ्यांच्या घराला. वासुदेव आणि शोभना निजसुरे यांचा एकुलता एक मुलगा शार्दूल या संघात किकर होता. लीग अमेरिकनांची, पैसा त्यांचा, खेळाडूही बहुतेक तिकडचेच. पण प्रत्येक संघात काही स्थानिक मुलं घ्यायची असा नियम होता. ही मुलं बहुधा किकरच्या जागी लागत, कारण पायाने चेंडू मारणं एवढी एकच गोष्ट युरोपातल्या मुलांना अमेरिकनांपेक्षा बरी जमते. किकरचं काम सांगायला सोपं. एक जण दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि जमिनीवर उभा धरतो, त्याला होल्डर म्हणतात. आणि तिसरा, म्हणजे किकर, धावत येऊन तो दोन उंच खांबांमधून पलीकडे मारतो. मारला तर तीन गुण. हुकला तर पुढचे सहा दिवस सगळा संघ त्याच्याकडे न बघता जेवतो.

शार्दूल चार वर्षांचा असताना निजसुरे पुण्याहून इकडे आले. तो सतरा वर्षांपर्यंत साधा फुटबॉल खेळला, मग या भलत्या खेळाच्या नादी लागला. एस्लिंगेनला मशीनबाऊ, म्हणजे आपलं मेकॅनिकल, शिकत होता ते त्याने एका वर्षापुरतं थांबवलं. बापलेकांत ठरलं होतं ते असं: एकच हंगाम. लीगमधल्या दोन-तीन चांगल्या किकरना जुलैमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या संघांच्या शिबिराचं बोलावणं येतं. आलं तर जा, नाही आलं तर गुपचूप पुन्हा वर्गात बसायचं. तेवीस वर्षांचा मुलगा या एका बोलावण्यावर जीव टांगून बसला होता, आणि बोलून दाखवत नसले तरी बापही तसाच बसला होता.

वासुदेवराव ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होते. अठरा वर्षं त्यांनी एकच काम केलं. गाडीवाल्या ग्राहकाकडून तक्रार आली की दोषाचं मूळ शोधायचं आणि आठ पायऱ्यांचा रिपोर्ट लिहायचा. या रिपोर्टवर त्यांची नितांत श्रद्धा होती. कुणी सत्यनारायण घालतं, वासुदेवराव रिपोर्ट लिहीत. घरातलं डिशवॉशर बिघडलं तेव्हा त्यांनी दुकानदाराला सहा पानी रिपोर्ट पाठवला होता, आणि दुकानदाराने घाबरून नवं मशीन दिलं होतं. त्यामुळे रिपोर्टवरचा विश्वास घरातही जरा जास्तच वाढला होता.

या धंद्यातली एक मेख ते नव्या पोरांना आवर्जून शिकवत. रिपोर्टमध्ये एखादी छोटी चूक आपल्या पदरात घ्यावी. आमच्याकडे सगळं सोन्यासारखं आहे, दोष तुमचाच, असं लिहिलं की ग्राहक दुसरं पान उलटत नाही. पण आमचंही पंधरा टक्के चुकलं असं कबूल केलं की उरलेले पंच्याऐंशी टक्के तो मुकाट्याने मान्य करतो. ही युक्ती अठरा वर्षांत एकदाही फसली नव्हती.

सामन्यांना ते दुर्बीण, स्टॉपवॉच आणि आलेखाची वही घेऊन जात. सिंडेलफिंगेनचे राजाभाऊ, त्यांचे जुने मित्र, व्हिडिओ कॅमेरा घेऊन सोबत येत. तिसरा सामना असाच: पाऊस, गार वारा, सहाशे माणसं आणि समोर पराभव. राजाभाऊंनी विचारलं की तुम्ही मॅच बघायला येता की ऑडिटला. वासुदेवराव हसले नाहीत. त्यांनी वहीत वाऱ्याची दिशा लिहिली.

सहाव्या पराभवापर्यंत शार्दूलने अकरा किका मारल्या होत्या आणि सात हुकल्या होत्या. अकरातल्या चार म्हणजे पदावरून जायची तयारी. परतीच्या वाटेवर गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसे. वासुदेवराव मराठीत विचारत, तो जर्मनमध्ये उत्तर देई. तसं त्यांच्याकडे लहानपणापासूनच होतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं की डाव्या बाजूने मारताना काही वेगळं वाटतं का. तो म्हणाला, "लास एस, पापा." राहू द्या, पापा. मग थोड्या वेळाने म्हणाला की कोच मॅकब्राइड दुसरा किकर बघतोय, आणखी एक सामना देईल, फार तर दोन.

आता जानेवारीतली गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. जानेवारीत, करार व्हायच्या आधी, बर्फात एकट्याने सराव करताना शार्दूलच्या डाव्या जांघेतला स्नायू दुखावला. डाव्या पायावर उभं राहून उजव्याने मारायचं, तेव्हा हा पाय म्हणजे खुंटा. संघाच्या डॉक्टरने कागदावर विचारलं होतं, गेल्या सहा महिन्यांत काही दुखापत? त्याने 'नाही'वर खूण केली. हे त्याने आईला तेवढं सांगितलं, कारण शेक कुणीतरी द्यायला हवा होता. पापाला सांगू नकोस, असंही सांगितलं. शोभनाबाईंनी पंधरा दिवस शेक दिला आणि सोळाव्या दिवशी नवऱ्याला सांगून टाकलं. "अहो, पण तुम्ही कुणाला बोलू नका हं," असं वर म्हणाल्या. वासुदेवराव बोलले नाहीत. शार्दूललाही कळू दिलं नाही की आपल्याला माहीत आहे. पाय मार्चपर्यंत नव्वद टक्के बरा झाला आणि विषय मिटला, असं तिघांनाही आपापल्या जागी वाटत होतं.

सहाव्या सामन्यानंतरचा रविवार वासुदेवरावांनी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून काढला. राजाभाऊंनी हौसेने केलेलं व्हिडिओ शूटिंग होतं, ते त्यांनी थांबवून थांबवून पाहिलं. दुपारी तीनच्या सुमारास त्यांना मूळ सापडलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. सातातल्या सहा किका मैदानाच्या डाव्या रेघेवरून मारलेल्या होत्या. या चेंडूला एका बाजूला दोरीची जाड शिवण असते. ती खांबांकडे, म्हणजे किकरपासून लांब, असायला हवी. होल्डर डॅनी डाव्या रेघेवर बसला की त्याला चेंडू फिरवायला वेळच मिळत नव्हता; शिवण किकरच्या पायाकडे राहत होती आणि चेंडूही कलता धरला जात होता. बूट शिवणीवर बसला की चेंडू वाकडा जाणारच. मुलाचा दोष नव्हता. त्याच्या हातात, किंवा पायात म्हणा, चेंडूच चुकीचा दिला जात होता.

"शोभना, इकडे ये, बघ," ते म्हणाले. "आल्झो, म्हणजे हे असं, शिवण. सगळं शिवणीत आहे."

शोभनाबाईंनी आलेख पाहिला, त्यातलं त्यांना काही कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. त्या म्हणाल्या, मग शार्दूलला सांगा. वासुदेवराव म्हणाले की त्याने डॅनीचं नाव घेतलं तर रडतराऊत ठरेल. हे बाहेरून, कागदावर, आकड्यांनिशी जायला हवं. त्यांनी चार संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. चौदा पानं, इंग्रजीत, आठ पायऱ्या, रंगीत आलेख.

चौथ्या पायरीवर कारणांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा असतो. साहित्य, पद्धत, यंत्र, हवामान, माणूस, अशा पाच फांद्या. चार भरल्या. पाचवी रिकामी राहिली आणि ते अस्वस्थ झाले. रिकामी फांदी म्हणजे कुणीतरी हातचं राखून लिहिलंय, हे ऑडिटरला लगेच कळतं. त्यातून लिहिणारा किकरचा बाप. बापाने पोराला शंभर टक्के निर्दोष ठरवलं तर कोच कागद टोपलीत टाकेल. अठरा वर्षांचा अनुभव हात धरून लिहायला लावत होता. त्यांनी माणसाच्या फांदीवर एक ओळ लिहिली: किकरचा आधाराचा पाय अपेक्षेपेक्षा आठ सेंटिमीटर मागे पडतो, जानेवारीतल्या जांघेच्या दुखापतीचा अवशेष, वाटा अंदाजे पंधरा टक्के. ओळ लिहिल्यावर रिपोर्ट त्यांना पूर्ण वाटला. इतका नेटका रिपोर्ट त्यांनी कंपनीतही लिहिला नव्हता.

गुरुवारी सराव संपल्यावर, शार्दूल आंघोळीला गेला असताना, ते मैदानाच्या कडेला असलेल्या क्लबच्या कंटेनर-ऑफिसात गेले. कोच मॅकब्राइड ओहायोचा, साठीचा, थकलेला माणूस होता. त्याने त्यांना आदराने बसवलं, कॉफी दिली, चष्मा लावला. शिवणीची पानं त्याने दोनदा वाचली आणि शीळ घातली. वासुदेवरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग तो नवव्या पानावर थांबला.

"हे जानेवारीचं," त्याने विचारलं, "हे तुम्हाला कुठून कळलं?"

माहितीचा उगम विचारणारा वाचक म्हणजे गंभीर वाचक. वासुदेवराव ताठ बसले आणि म्हणाले, "खात्रीचं आहे. त्याच्या आईने स्वतः शेक दिलाय."

कोचने चष्मा काढला. मग त्याने मान हलवली, हात मिळवला आणि कागद आपल्याजवळ ठेवून घेतला. वासुदेवराव मैदान ओलांडून गाडीकडे गेले तेव्हा शीळ घालत होते. घरी त्यांनी शोभनाबाईंना सांगितलं की बघ, शनिवारी शार्दूलच किक मारणार, आणि डॅनीला कुणीतरी चेंडू धरायला शिकवणार.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता शार्दूलला बोलावून क्लबने करार रद्द झाल्याचं पत्र दिलं. वैद्यकीय माहिती लपवली, असं कारण होतं. विमा कंपनीला कळवणं भाग, लीगला कळवणं भाग, आणि लीगची फाइल अमेरिकेतल्या प्रत्येक संघाला जाते. जुलैचं बोलावणं त्या दिवशी संपलं, पुढच्या वर्षीचंही आणि त्याच्या पुढच्याही.

वासुदेवराव ऑफिसातून आले तेव्हा तो स्वयंपाकघरात आईसमोर बसला होता. टेबलावर पत्र आणि पत्रामागे जोडलेलं नववं पान होतं. आलेखाची ती निळी चौकट त्यांनी दारातूनच ओळखली. शोभनाबाई रडत होत्या. मी सांगायला नको होतं, माझंच चुकलं, असं त्या म्हणत होत्या, आणि शार्दूल त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. आईला तो रागावूही शकला नाही. वासुदेवराव आत आले तसा त्याने हात काढून घेतला आणि उठला.

त्यांनी समजावायला सुरुवात केली. आणि काय समजावलं? तर रिपोर्ट नीट वाचला तर पंच्याऐंशी टक्के दोष पद्धतीचा आहे, हे. समोर मुलाची उभी वर्षं जळत होती आणि हा गृहस्थ टक्के सांगत होता. शार्दूलने ऐकून घेतलं. मग जर्मनमध्ये, अजिबात आवाज न चढवता, एकच विचारलं. "मला आधी का नाही दाखवलं?"

"तू लास एस म्हणाला असतास," वासुदेवराव म्हणाले.

"गेनाऊ," तो म्हणाला. बरोबर. आणि आपल्या खोलीत गेला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हती. सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि कंटेनर गाठला. सोबत रिपोर्टची दुसरी आवृत्ती होती. नववं पान बदललं होतं, माणसाची फांदी रिकामी होती. पहिल्या आवृत्तीत माझी चूक झाली, असं त्यांनी वर सही करून लिहिलं होतं. ते खोटं होतं, आणि हे सही करताना त्यांना ठाऊक होतं. कोचने नवे कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. तो वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. वाईट असता तर त्याच्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं.

"मिस्टर निजसुरे," तो म्हणाला, "अर्धा संघ काही ना काही लपवून खेळतो. मला माहीत आहे. तुम्ही इथे बसून तोंडी सांगितलं असतंत तर मी ऐकलंच नाही म्हटलं असतं. पण तुम्ही कागद दिलात. कागद आला की मला वाचावाच लागतो."

वासुदेवरावांनी विचारलं की मग शिवणीच्या भागाचं काय. कोच म्हणाला की ते शंभर टक्के खरं निघालं. डॅनीचा सराव सुरू केलाय. हे ऐकून त्यांना आनंद झाला. क्षणभरच, पण झाला, आणि त्या आनंदाची त्यांना पुढे कितीतरी दिवस शिसारी येत राहिली.

त्यानंतर घरात बोलणं उरलं नाही. शोभनाबाई जेवायला वाढत, पण "अहो" म्हणून हाक मारत नसत. ताट ठेवल्याच्या आवाजावरून त्यांनी यायचं. शार्दूल एस्लिंगेनला परत जाणार नव्हता. रेगेन्सबर्गच्या गाडीच्या कारखान्यात पाळीवर काम मिळतंय, एका मित्राच्या वे-गेमध्ये, म्हणजे पोरांनी मिळून घेतलेल्या घरात, खोली रिकामी आहे, जूनच्या पहिल्या रविवारी जातो, हे त्याने आईला सांगितलं आणि आईकडून वासुदेवरावांना कळलं. पदवी तिथे कधी करणार, असं त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. आपल्या तोंडून निघालेला प्रश्नही आता तपासणीसारखाच वाटेल हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि ते फार उशिरा कळलं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पेपरात चार ओळींची बातमी आली. नेकार हॉर्नेट्सच्या मालकांनी संघ बंद करायचं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी गांधीलमाश्या नाहीत. बातमी वाचून वासुदेवरावांनी पेपराची घडी घातली आणि मनाशी मोजलं. रिपोर्ट दिला नसता तर शार्दूलने आणखी एखाददुसरा सामना खेळला असता, किंवा जागा गेली असती तरी बाकावर बसून हंगाम पुरा केला असता. हरला असता. सगळ्यांबरोबर हरला असता, सगळ्यांबरोबर घरी आला असता, नावावर काही डाग नसता. फाइल कोरी असती. दुसऱ्या देशात, दुसऱ्या संघात, दुसऱ्या वर्षी पुन्हा दार ठोठावता आलं असतं. जे आपोआप बुडणार होतं त्यातून मुलाला वाचवायला जाऊन त्यांनी त्यालाच आधी बुडवला होता.

शेवटचा सामना तीन जूनला, शनिवारी दुपारी होता. ते एकटेच गेले. का गेले हे त्यांना सांगता आलं नसतं. गाड्यांवर विश्वचषकाचे झेंडे फडफडत होते, एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, माणसं गाणी म्हणत होती, आणि गावाबाहेरच्या मैदानावर तीनेकशे लोक एका मरणाऱ्या संघाला निरोप द्यायला जमले होते. यावेळी वही नव्हती. दुर्बीण सवयीने गळ्यात आली होती.

अँटवर्पच्या संघाविरुद्ध हॉर्नेट्स त्या दिवशी बरे खेळले. ज्याला उद्या नाही तो आज मोकळा असतो. शेवटची पाच सेकंदं उरली तेव्हा ते दोन गुणांनी मागे होते आणि चेंडू डाव्या रेघेवर होता. किक मारायला लुकास नावाचा मुलगा आला. तो हाइलब्रॉनचा, शार्दूलच्या जागी घेतलेला, आणि सरावात शार्दूलच्या निम्म्यानेही न मारणारा. डॅनी गुडघ्यावर बसला. वासुदेवरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. चेंडू मागे आला, डॅनीने झेलला, आणि एका झटक्यात, रिपोर्टच्या बाराव्या पानावर लिहिलं होतं अगदी तसा, त्याने तो फिरवला. शिवण खांबांकडे गेली. चेंडू सरळ उभा होता.

हुकू दे, असं वासुदेवराव म्हणाले. मोठ्याने, मराठीत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला रिपोर्ट खोटा ठरायला हवा होता.

किक साधीच होती. चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून गेला. हॉर्नेट्स एका गुणाने जिंकले. पूर्ण हंगामातला एकमेव विजय. तीनशे लोक तीन हजारांसारखे ओरडले, खेळाडूंनी लुकासला खांद्यावर घेतलं, म्हातारा मॅकब्राइड गवतावर बसून रडला. डॅनी धावत कठड्यापाशी आला. आपल्यावर चौदा पानं लिहिणाऱ्या माणसाचा त्याला राग असायला हवा होता, पण जिंकलेल्याला राग कुठला. त्याने वासुदेवरावांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि म्हणाला, सर, शिवणीचं तुमचं बरोबर होतं. वासुदेवरावांनी सवयीने थँक्यू म्हटलं.

परतताना एस-बानमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. दांड्याला धरून उभे असताना त्यांनी एक गोष्ट ठरवली. मुलगा उद्या जाणार. जाताना त्याच्या मनात हे राहू नये की आपल्याविना, आपल्या बापाच्या कागदावर, दुसरा कुणी जिंकून गेला. एवढं तरी आपण त्याला देऊ शकतो. अठरा वर्षांत त्यांनी एक आकडाही खोटा लिहिला नव्हता. ती दुसरी आवृत्ती सोडली तर. आज ते खोटं बोलणार होते, आणि ते ठरवल्यावर महिन्याभरात प्रथमच त्यांना बापासारखं वाटलं. घर येईपर्यंत त्यांनी ते खोटं दोनदा घोकलं.

बाहेरच्या खोलीत हलवाहलवीची खोकी पसरली होती. शार्दूल जमिनीवर बसून पुस्तकं भरत होता. शोभनाबाई आत चटण्यांच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. वासुदेवरावांनी बूट काढले आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "हरलो. शेवटची किक होती. डाव्या रेघेवरून. हुकली."

शार्दूलने मान वर केली. इतक्या दिवसांत प्रथमच त्याने सरळ त्यांच्याकडे पाहिलं, म्हणून त्यांना धीर आला आणि ते पुढे बोलले. "चांगली हातभर बाहेर गेली. शिवण पुन्हा तशीच. तू असतास तरी गेली असती, तुझा काही..."

"वार द्रिन, पापा," तो म्हणाला. आत गेली.

मग त्याने जर्मनमध्येच सांगितलं की संघाचा शेवटचा सामना म्हणून इथल्या चॅनलवर दाखवत होते. त्याने आणि आईने बसून पाहिला. शेवटी कॅमेरा कठड्याकडे गेला होता; डॅनी कुणाचा तरी हात हलवत होता, तो हातही दिसला. आतल्या खोलीतला वर्तमानपत्राचा आवाज थांबला होता. वासुदेवराव एका हातात बूट घेऊन उभे राहिले.

शार्दूलने एक पुस्तक खोक्यात ठेवलं. ठेवून झाल्यावर तो मराठीत बोलला. बापाशी तो मराठीत कधी बोलत नसे, म्हणून एकेक शब्द शोधून त्याने पुढे ठेवला.

"खोटं तेव्हा लिहायचं, बाबा. आता नाही."

खोकं जास्त भरलं होतं आणि त्याच्या पाकळ्या मिटत नव्हत्या. ते दाबून धरायला दुसरं माणूस हवं होतं. वासुदेवराव हातभर अंतरावर उभे होते. त्याने आईला हाक मारली.